घोडा तपासताना विक्रेत्याने समोर असावे का?

फर्नांव नुनीझ हा पोर्तुगीज घोडेव्यापारी सोळाव्या शतकात विजयनगरात राहून गेला. त्याने लिहिलेल्या वृत्तांतात सालुव नरसिंह या राजाविषयी एक विलक्षण नोंद आहे. होर्मुझ आणि एडन येथून जहाजाने येणारे घोडे, मग ते जिवंत असोत वा मेलेले, हा राजा एक हजार परदावांना तीन या दराने विकत घेत असे. वाटेत दगावलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली, तरी त्याची किंमत चुकती केली जाई. पुढे १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगिजांनी अरबी घोड्यांच्या व्यापारावर आपली पकड बसवली आणि गोव्याचे बंदर या व्यापाराचे मोठे केंद्र बनले.

सैन्यासाठी घोड्यांची निकड असलेल्या राजाला शेपटीवर पैसे मोजणे परवडत होते. आजच्या ग्राहकाला ते परवडणारे नाही. कोणी हौसेखातर घोडा घेतो, कोणी मुलांना रपेट शिकवण्यासाठी, कोणी वरातीच्या व्यवसायासाठी, तर कोणी पैदाशीसाठी. गोव्यातील ग्राहक त्यासाठी अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात जावो, की एखाद्या खासगी तबेल्यात, मोठी रक्कम मोजून घरी आणलेला घोडा आठवड्याभरात लंगडू लागला, तर पुढे काय, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतोच. म्हणूनच व्यवहार पक्का करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून घोडा तपासून घेण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. या तपासणीच्या वेळी विक्रेत्याने तेथे थांबावे की नाही, याविषयी मात्र दोन मते आढळतात. तो समोर असला तर दोष झाकण्याचा प्रयत्न करील, असे काहींना वाटते. तो नसला तर महत्त्वाची माहिती कोणाला विचारायची, असा इतरांचा प्रश्न असतो.

तपासणी कशी होते

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी तपासणीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये रूढ असलेली पाच टप्प्यांची तपासणी यासाठी नमुन्यादाखल घेता येईल. पहिल्या टप्प्यात घोडा तबेल्यात शांत उभा असताना तपासला जातो. अंगावरील खुणा, भोवरे आणि मायक्रोचिप पाहून त्याची ओळख पटवली जाते. हृदयाचे आणि फुप्फुसांचे आवाज ऐकले जातात. अंधाऱ्या जागी उपकरणाच्या प्रकाशात डोळे पाहिले जातात. दातांवरून वयाचा अंदाज बांधला जातो. पाठ, पाय आणि सांधे हाताने चाचपले जातात, खुरे तपासली जातात.

दुसऱ्या टप्प्यात घोड्याला कठीण व सपाट जमिनीवर हाती धरून चालवतात आणि दुडकीने पळवतात. बहुधा याच वेळी एकेक पाय काही काळ दुमडून धरला जातो आणि सोडताच घोड्याला दुडकीने नेले जाते. सांध्यात दुखणे असेल, तर पहिल्या काही पावलांत ते जाणवू शकते. तिसऱ्या टप्प्यात स्वार बसवून घोड्याकडून व्यायाम करून घेतात. हृदयावर ताण पडल्यावर काय होते, वेगात धावताना श्वासाचा आवाज बदलतो का, हे या वेळी कळते. चौथा टप्पा विश्रांतीचा. हृदयाची आणि श्वासाची गती पूर्ववत कशी होते, याकडे त्यात लक्ष दिले जाते. पाचव्या टप्प्यात पुन्हा दुडकी पाहिली जाते, कारण काही दुखणी श्रमानंतर थोडी विश्रांती मिळाली की डोके वर काढतात. यासोबत रक्ताचा नमुना घेऊन तो जपून ठेवला जातो. पुढे वाद उद्भवला, तर तपासणीच्या दिवशी घोड्याला वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध दिले होते का, हे त्यावरून तपासता येते. केवळ पहिल्या दोन टप्प्यांची संक्षिप्त तपासणीही केली जाते, पण तिच्यातून मिळणारी माहिती अर्थातच मर्यादित असते.

या तपासणीत घोडा ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ होतो, ही समजूत चुकीची आहे. ब्रिटिश पद्धतीत पशुवैद्यक आढळलेल्या गोष्टी नोंदवतो आणि ग्राहकाने सांगितलेल्या उपयोगात त्यांची अडचण होण्याचा संभव आहे का, याविषयी मत देतो. अमेरिकेतील अश्ववैद्यकांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे याहून वेगळी आहेत. पशुवैद्यकाने दोष सांगावेत, त्यांचे संभाव्य परिणाम समजावून द्यावेत, मात्र घोडा योग्य की अयोग्य हा निर्णय ग्राहकावर सोडावा, अशी त्यांची भूमिका आहे. एका बाबतीत दोन्ही पद्धतींचे एकमत आहे. तपासणी करणारा पशुवैद्यक ग्राहकाने नेमलेला असतो आणि त्याचे उत्तरदायित्व ग्राहकाशी असते.

विक्रेता नको, असे म्हणणाऱ्यांची बाजू

विक्रेत्याच्या उपस्थितीला घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. घोडा जरा अडखळला की ‘कालच नाल ठोकले आहेत’, खोकला की ‘आज धूळ फार आहे’, अशी स्पष्टीकरणे तत्काळ पुढे येतात. पशुवैद्यक अनुभवी असला तरी सततच्या बोलण्याने त्याचे लक्ष विचलित होते आणि नवखा ग्राहक तर त्या बोलण्यातच गुंतून पडतो. लहान परिसरात आणखी एक अडचण असते. तेथे घोड्यांची जाण असलेले पशुवैद्यक मोजकेच असतात आणि त्यांपैकी एखादा विक्रेत्याच्या तबेल्यातील घोड्यांवर वर्षानुवर्षे उपचार करत असतो. अशा पशुवैद्यकाने विक्रेत्यादेखत स्पष्ट मत देणे अवघड होऊन बसते.

शिवाय तपासणीचा निष्कर्ष विक्रेत्याच्या कानावर पडला, तर ग्राहकाची बाजू कमकुवत होऊ शकते. डाव्या पुढच्या पायाविषयी पशुवैद्यकाला शंका आहे, पण ग्राहकाचे मन घोड्यावर जडले आहे, हे एकदा उघड झाले की किमतीच्या घासाघिशीत ग्राहकाच्या हाती काही उरत नाही.

मात्र ज्या लबाडीची सर्वाधिक भीती बाळगली जाते, ती विक्रेत्याला दूर ठेवून टळत नाही. वेदनाशामक औषध द्यायचेच असेल, तर ते पशुवैद्यक येण्याच्या कितीतरी आधी देता येते. घोडा रात्रभर विक्रेत्याच्याच ताब्यात असतो. काही घोड्यांची लंगड सकाळी प्रथम बाहेर काढल्यावर दिसते आणि थोडे फिरवल्यावर नाहीशी होते. अशा घोड्याला पहाटे फिरवून पुन्हा बांधून ठेवले, तर तपासणीच्या वेळी तो सरळ चालतो. यावर उपाय वेगळे आहेत. घोडा आदल्या रात्रीपासून तबेल्यातच ठेवावा, पशुवैद्यक येईपर्यंत त्याला बाहेर काढू नये, असे आधी लेखी कळवणे हा एक. रक्ताचा नमुना घेणे हा दुसरा. तपासणीसाठी विक्रेत्याशी व्यावसायिक संबंध नसलेला पशुवैद्यक निवडणे हा तिसरा.

जे केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असते

दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. तपासणी एका दिवसाची, फार तर दोन-तीन तासांची असते. तेवढ्या वेळात घोडा जे दाखवील, तेच पशुवैद्यकाला दिसते. मराठीत ज्याला ‘खोड’ म्हणतात, ती परक्या माणसांसमोर बहुधा दिसतच नाही. गव्हाणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची सवय, तबेल्याच्या दाराशी उभे राहून एकसारखे डुलण्याची सवय, एकटे ठेवताच बिथरणे, ट्रकमध्ये चढण्यास नकार देणे, नालबंदाला मागचा पाय न देणे, या गोष्टी रोजच्या सहवासातूनच कळतात.

घोड्याचा पूर्वेतिहासही असाच. गेल्या पावसाळ्यात त्याला पोटशूळ झाला होता का? कोणत्या पायाने तो पूर्वी लंगडत होता आणि किती दिवस विश्रांती द्यावी लागली? कोरडा कडबा खाल्ल्यावर तो खोकतो का? सध्या कोणते औषध चालू आहे? घोडी असेल तर ती फळवली आहे का? यांपैकी काही गोष्टींच्या खाणाखुणा शरीरावर सापडू शकतात, पण खात्रीचे उत्तर मालकाकडे किंवा रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराकडेच मिळते.

वरातीच्या घोड्याचे उदाहरण घेतले तर ही बाब चटकन लक्षात येते. पाय, डोळे, हृदय सारे निर्दोष असलेला घोडा बँडच्या पहिल्याच ठोक्याला किंवा फटाक्याच्या आवाजाला उधळत असेल, तर तो त्या कामाचा नाही. पाठीवर नवरदेव आणि भोवती लहान मुलांची गर्दी असताना ती चूक जिवावर बेतू शकते. आणि पशुवैद्यकाची कोणतीही चाचणी हे सांगू शकत नाही. ते त्याला वरातीत नेणाऱ्यालाच ठाऊक असते.

कायद्याच्या पुस्तकातील घोडा

विक्रेत्याला समोरासमोर प्रश्न विचारण्याला भारतीय कायद्यातही विशेष महत्त्व आहे. भारतीय संविदा अधिनियम, म्हणजे करार कायदा, १८७२ सालचा. त्याच्या १७व्या कलमात ‘कपट’ म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. ती स्पष्ट करण्यासाठी कायदा करणाऱ्यांनी दिलेली पहिली तीन उदाहरणे घोड्याच्या विक्रीचीच आहेत.

पहिल्या उदाहरणात एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो त्याविषयी काही बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे नात्यामुळेच दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. घेणारा विकणाऱ्याला सांगतो की, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. त्यावर विकणारा गप्प राहतो. येथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

पहिल्या आणि तिसऱ्या उदाहरणात घोडा सदोष आणि विक्रेता मुकाच आहे. फरक पडतो तो ग्राहकाने स्पष्ट शब्दांत विचारल्यामुळे. न विचारलेल्या दोषाविषयी मौन बाळगणाऱ्या विक्रेत्याला सामान्यतः कपटी ठरवता येत नाही. विचारल्यानंतर मात्र त्याच्या मौनालाही उत्तराचे मोल येते. तपासणीच्या वेळी विक्रेता हजर असणे ग्राहकाच्या हिताचे का आहे, याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

याच कायद्याचे १९वे कलम ग्राहकाला सावधही करते. विक्रेत्याने मौन बाळगून कपट केले असले, तरी ग्राहकाला साधारण दक्षता घेऊन सत्य शोधून काढण्याचे साधन उपलब्ध होते, असे दिसल्यास त्याला करार रद्द करून घेता येत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या १६व्या कलमाचा रोखही असाच आहे. मालाच्या दर्जाची जबाबदारी आपोआप विक्रेत्यावर येत नाही. ग्राहकाने माल कशासाठी हवा आहे हे सांगितले असेल, त्या मालाचाच धंदा करणाऱ्या विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला असेल, अशा काही अपवादात्मक परिस्थितींतच ती येते. प्राणी हीदेखील कायद्याच्या दृष्टीने जंगम मालमत्ताच असल्याने हे नियम घोड्यालाही लागू पडतात. थोडक्यात, तपासणी करून घेणे आणि उपयोग सांगून प्रश्न विचारणे, या दोन्ही गोष्टी ग्राहकाने केल्या पाहिजेत. एक केली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

विक्रेत्याचेही हित

प्रामाणिक विक्रेत्यालाही हजर राहण्यात लाभ आहे. व्यवहार पूर्ण होईपर्यंत घोडा त्याच्या मालकीचा असतो. रक्त काढणे, गुंगीचे औषध देणे, क्ष-किरण चित्रासाठी नाल उतरवणे या गोष्टींना त्याची संमती लागते. तो जागेवर असला, तर ती तत्काळ घेता येते. घोडाही ओळखीच्या माणसाच्या हाती शांत राहतो. अनोळखी माणसाने हाताळल्यास लाथ बसण्याची किंवा घोड्याला इजा होण्याची शक्यता वाढते. बिथरलेल्या घोड्याच्या हृदयगतीवरून किंवा चालीवरून काढलेला निष्कर्षही तितका विश्वसनीय राहत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे पुढील वाद टाळण्याचा भाग. घोडा ट्रकमधून शेकडो किलोमीटर जातो, नव्या जागी नवा चारा खातो, नव्या स्वाराच्या हाती पडतो. महिनाभराने तो लंगडू लागला, तर पहिला संशय विक्रेत्यावर येतो. अमुक दिवशी, अमुक जमिनीवर घोडा सरळ चालला होता आणि मी हा जुना दोष पशुवैद्यकासमोर स्वतः सांगितला होता, असे म्हणता येणे हे विक्रेत्याचे मोठे संरक्षण ठरते.

थांबावे, पण कोठवर?

दोन्ही बाजू विचारात घेता विक्रेत्याने हजर राहावे, पण त्याच्या उपस्थितीला मर्यादा असावी, हेच योग्य ठरते. तपासणीचे तीन भाग पाडले तर हे सहज साधते.

पहिला भाग प्रश्नोत्तरांचा. यात विक्रेता, ग्राहक आणि पशुवैद्यक तिघेही हवेत. ग्राहकाने घोडा कशासाठी घ्यायचा आहे ते सांगावे. आजार, शस्त्रक्रिया, औषधे, लंगड आणि खोडी यांविषयी लिहून आणलेले प्रश्न विचारावेत, उत्तरे कागदावर उतरवून विक्रेत्याची सही घ्यावी.

दुसरा भाग प्रत्यक्ष तपासणीचा. विक्रेत्याने किंवा त्याच्या मोतद्दाराने घोडा धरावा, सांगितल्याप्रमाणे चालवावा, स्वारी करून दाखवावी. पशुवैद्यकाने विचारल्याशिवाय मात्र बोलू नये. हा नियम ग्राहकालाही तितकाच लागू आहे.

तिसरा भाग निष्कर्षाचा. या वेळी विक्रेत्याने दूर जावे. अहवाल ग्राहकाचा असतो आणि त्यातील काय सांगायचे, हे ग्राहकाने ठरवायचे असते. सौदा मोडला तर कारण विचारण्याचा मोह विक्रेत्याला होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पशुवैद्यकाला न गाठता त्याने ग्राहकालाच विचारावे. घोड्याला उपचारांची गरज आहे असे आढळले असेल, तर ग्राहकाने ते मोकळेपणाने सांगणे माणुसकीला धरून होईल.

विक्रेता येऊ शकत नसेल, तर घोड्याची दैनंदिन देखभाल करणारा मनुष्य हजर असावा आणि विक्रेत्याचे सहीचे निवेदन आधी मागवून घ्यावे. दलालाची उपस्थिती ही विक्रेत्याच्या उपस्थितीला पर्याय ठरत नाही. व्यवहार जुळवणे हे दलालाचे काम असते. घोडा रात्री तबेल्यात कसा वागतो, हे त्याला माहीत असेलच असे नाही.

बाजारातील व्यवहार

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा बाजार असो की नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, तेथे पाच टप्प्यांची तपासणी जशीच्या तशी करणे कठीण असते. गर्दी असते, सपाट कठीण जमीन मिळत नाही, डोळे तपासण्यास अंधारी जागा नसते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरवण्याची जुनी रीत आहे. किंमत अशी गुप्त राहिली तरी हरकत नाही, पण घोड्याच्या प्रकृतीविषयीचे बोलणे उघडपणेच झाले पाहिजे. अशा ठिकाणी पूर्ण रक्कम न देता विसार द्यावा आणि तपासणीत गंभीर दोष आढळल्यास विसार परत मिळेल, ही अट विसारपावतीत लिहून घ्यावी. नंतर दोन-तीन दिवसांत शांत जागी विक्रेत्यासमक्ष तपासणी करता येते.

ग्लँडर्स या रोगाविषयीची कागदपत्रे पाहणे मात्र बाजारातही टाळू नये. घोड्यांकडून माणसालाही होऊ शकणारा हा जीवघेणा जिवाणूजन्य रोग आहे. त्याचे निदान रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीने होते आणि हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे देशातील या विषयाचे प्रमुख केंद्र आहे. बाहेरून धडधाकट दिसणारा घोडाही बाधित असू शकतो. त्यामुळे प्रमाणपत्रावरील खुणा आणि समोरच्या घोड्याच्या खुणा जुळतात का, हे विक्रेत्याच्या उपस्थितीतच पडताळावे.

हे सारे करूनही घोडा हा जिवंत प्राणी आहे आणि उद्याची हमी कोणताही पशुवैद्यक देऊ शकत नाही. ग्राहकाच्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. पैसे देण्यापूर्वी, पशुवैद्यकाच्या साक्षीने, विक्रेत्याकडे पाहून स्पष्ट विचारावे : या घोड्यात मला माहीत असायला हवा असा काही दोष आहे का? आणि मिळालेले उत्तर, ते ‘नाही’ असले तरी, लिहून घ्यावे.